वनगंधाचे रसायन

वृक्ष हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्यापासून साखर बनवतात आणि ऑक्सिजन बाहेर सोडतात, हा व्यवहार शालेय पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित आहे. मात्र या जमाखर्चातील एक रक्कम त्यात सहसा मांडलेली नसते. प्रकाशसंश्लेषणातून मिळवलेल्या कार्बनचा एक लहान हिस्सा अनेक जातींचे वृक्ष तयार सेंद्रिय रेणूंच्या रूपात पुन्हा हवेत सोडून देतात. हा हिस्सा साधारणपणे शेकडा एक ते दोन इतका असतो आणि उष्णतेचा ताण वाढला की त्याहूनही अधिक होतो. या रेणूंना ‘बाष्पनशील सेंद्रिय संयुगे’ म्हणतात. बाष्पनशील म्हणजे सामान्य तापमानाला सहज हवेत उडून जाणारा पदार्थ. देव्हाऱ्यातील कापराची डबी उघडी राहिली, तर वड्या न जळता, न वितळता हळूहळू झिजत जातात आणि तो उडून जाऊ नये म्हणून घरोघरी डबीत मिऱ्याचे दाणे टाकून ठेवतात. ती झीज म्हणजेच बाष्पनशीलता. जगातील सर्व वनस्पती मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन इतकी अशी संयुगे हवेत सोडतात, असा अंदाज आहे. वाहने, कारखाने आणि इंधनांचा वापर यांतून माणूस जेवढी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे हवेत मिसळतो, त्याच्या कित्येक पट ही राशी आहे. एवढा कार्बन वृक्ष का खर्च करतात आणि पानाबाहेर पडल्यावर त्याचे काय होते, हे दोन प्रश्न या प्रकरणाचा विषय आहेत.

पाच कार्बनांची वीट

या संयुगांची संख्या हजारोंनी मोजावी लागते. तरी त्यांतील फार मोठा भाग एकाच कुळातला आहे. या कुळाचे नाव टर्पीन. पाइन वृक्षाच्या खोडाला खाच पाडली की जो चिकट स्राव पाझरतो, त्याच्यापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइन तेलावरून हे नाव पडले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो वालाख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक सुगंधी तेलांचे पृथक्करण करून असे दाखवले, की वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या या तेलांत त्याच त्या काही रेणूंची पुनरावृत्ती आढळते. या कामाबद्दल त्यांना १९१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे लिओपोल्ड रुझिच्का यांनी या कुळाच्या रचनेचा नियम पक्का केला. त्या नियमानुसार पाच कार्बन अणूंची एक ‘वीट’ दोनदा, तीनदा किंवा चारदा जोडली की टर्पिनांचे एकेक घराणे तयार होते. या विटेची घडण आयसोप्रीन नावाच्या रेणूसारखी असते. आयसोप्रिनात पाच कार्बन आणि आठ हायड्रोजन अणू असतात, आणि १८६० मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल विल्यम्स यांनी नैसर्गिक रबर तापवून तो प्रथम वेगळा केला होता, कारण रबर ही अशाच हजारो विटांची लांबलचक साखळी आहे.

दोन विटा जोडल्या की दहा कार्बनांचे मोनोटर्पीन होते. पाइनच्या पानांना वास देणारे अल्फा-पायनिन, लिंबाच्या सालीतील लिमोनिन, निलगिरीच्या तेलातील सिनिओल आणि कापूर ही सारी मोनोटर्पिने किंवा त्यांची ऑक्सिजनयुक्त भावंडे होत. बाजारातील बहुतेक कापूर आज कापराच्या झाडापासून न मिळवता टर्पेंटाइनमधील अल्फा-पायनिनवर रासायनिक प्रक्रिया करून बनवला जातो, हा या नातेसंबंधाचा व्यावहारिक पुरावाच म्हणता येईल. तीन विटांची सेस्क्विटर्पिने अधिक जड आणि कमी उडणारी असतात. चंदनाच्या तेलाचा वास वर्षानुवर्षे टिकतो, तो त्यातील सँटालॉल या घराण्यातले असल्यामुळे. चार विटांचे रेणू जवळजवळ उडतच नाहीत आणि राळेच्या रूपाने मागे राहतात.

राळ आणि डिंक यांतील भेद येथे लक्षात घेण्याजोगा आहे. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक हा शर्करांपासून बनलेला पदार्थ असून तो पाण्यात फुगतो व विरघळतो, आणि त्याला सांगण्यासारखा वास नसतो. याउलट सातपुड्याच्या कोरड्या टेकड्यांवर वाढणाऱ्या सालईच्या सालीवर घाव घातला की जो पांढुरका स्राव येतो, त्यात डिंकाबरोबर राळ आणि उडून जाणारी टर्पिनेही असतात. ताजा असताना तो मधासारखा ओघळतो, कारण हलकी टर्पिने त्याला पातळ ठेवतात. ती हवेत निघून जातात तसतसा स्राव घट्ट होतो आणि अखेरीस ठिसूळ, पिवळसर खडे उरतात. हे खडे निखाऱ्यावर टाकले की धुपाचा जो दरवळ पसरतो, तो झाडाने मूळ जखमेवर लावण्यासाठी बनवलेल्या मलमाचा असतो. हलका भाग स्राव जखमेपर्यंत वाहून नेतो आणि उडून जातो, जड भाग भोक बुजवतो. म्हणजे उडून जाणे हेसुद्धा या औषधाच्या कामाचाच एक भाग आहे.

कोठारातले आणि ताजे

संयुगे बाहेर टाकण्याच्या वृक्षांच्या दोन रीती आहेत. पाइन, देवदार यांसारखे सूचिपर्णी वृक्ष मोनोटर्पिने बनवून ती राळनलिकांत, म्हणजे पानांतून आणि खोडातून जाणाऱ्या बारीक नळ्यांत, साठवून ठेवतात. निलगिरीच्या पानांत अशीच तेलग्रंथींची कोठारे असतात आणि पान उजेडाकडे धरले तर ती पारदर्शक ठिपक्यांसारखी दिसतात. या कोठारांतून गळती सतत चालू असते. तिचे प्रमाण प्रामुख्याने तापमानावर अवलंबून असल्यामुळे रात्रीही ती थांबत नाही, आणि पान चुरगळले की कोठार फुटून वास एकदम उसळतो.

दुसरी रीत आयसोप्रिनची. १९५७ मध्ये जॉर्जियातील तिबिलिसी येथे गिवी सानाद्झे यांनी पानांतून आयसोप्रीन बाहेर पडते असे प्रथम दाखवले, आणि १९६० च्या दशकात अमेरिकेत राइनहोल्ड रासमुसेन व डच-अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स व्हेंट यांच्या कामातूनही त्याला दुजोरा मिळाला. आयसोप्रीन साठवता येत नाही, कारण ते ३४ अंश सेल्सिअसलाच उकळते. हरितलवकात, म्हणजे पानाच्या पेशीतील ज्या हिरव्या कणात प्रकाशसंश्लेषण चालते त्यातच, एक विशिष्ट विकर ते क्षणोक्षणी बनवत असते. विकर म्हणजे पेशीतील एखादी रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. बनलेले आयसोप्रीन लगोलग पर्णरंध्रांतून, म्हणजे पानाच्या त्वचेवरील सूक्ष्म छिद्रांतून, बाहेर जाते. सूर्य ढगाआड गेला की काही मिनिटांत उत्सर्जन घटते, अंधारात ते बंद पडते, आणि पान तापत गेले की सुमारे ४० अंशांपर्यंत ते झपाट्याने वाढते. वनस्पतींच्या एकूण उत्सर्जनात निम्मा वाटा एकट्या आयसोप्रिनचा असूनही त्याचा वास नाकाला जवळजवळ जाणवत नाही. रानाचा म्हणून जो गंध ओळखला जातो, तो अल्प प्रमाणातील इतर संयुगांचा असतो.

सर्वच वृक्ष आयसोप्रीन सोडतात असे नाही. ओक, पॉप्लर, निलगिरी, शिसवाच्या डालबर्जिया प्रजातीतील आणि वड-पिंपळांच्या फायकस प्रजातीतील अनेक जाती ते सोडतात, बांबूही सोडतो. मेपल मात्र सोडत नाही. एकाच प्रजातीतही भेद पडतात. बहुतेक अमेरिकी ओक आयसोप्रीन सोडतात, तर भूमध्य सागराकाठचा होम ओक त्याऐवजी मोनोटर्पिने सोडतो आणि तीही न साठवता, उजेडाच्या तालावर. पानाचे वयही महत्त्वाचे ठरते. कोवळे पान वाढत असताना पेशीभित्तिका ताणल्या जातात आणि त्यांतील पेक्टिनापासून मेथॅनॉल सुटते, तर आयसोप्रीन बनवण्याची क्षमता पान पुरते वाढल्यावरच येते. म्हणून चैत्रपालवीने लाल झालेले झाड आणि तेच झाड महिनाभराने गर्द हिरवे झाल्यावर हवेला जे देते, त्यांत फरक असतो.

हा खर्च कशासाठी?

कष्टाने मिळवलेला कार्बन उधळणारी सवय उत्क्रांतीत टिकून राहिली, त्याअर्थी तिचा मोबदला मिळत असला पाहिजे. आयसोप्रिनच्या बाबतीत सर्वाधिक आधार असलेले उत्तर उष्णतेपासून संरक्षण हे आहे. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस शार्की आणि त्यांचे सहकारी एरिक सिंगसास यांनी १९९५ मध्ये असे मांडले, की आयसोप्रीन सोडणारी पाने अचानक येणारी उष्णता अधिक चांगली सोसतात. जंगलातील वरच्या थरातील पानावर भर दुपारी वारा क्षणभर पडला आणि थेट ऊन लागले, तर त्याचे तापमान काही सेकंदांत दहा अंशांनी चढू शकते आणि झुळूक आली की तितक्याच वेगाने उतरते. अशा झटक्यांनी प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतील नाजूक पटले विस्कळीत होतात आणि ऑक्सिजनचे घातक, अतिक्रियाशील रेणू तयार होतात. आयसोप्रीन या दोन्ही हानींना आवर घालते. ते नेमके कोणत्या मार्गाने, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप चर्चा चालू आहे, आणि पेशीला ताणाची सूचना देणारा संकेत म्हणूनही त्याच्याकडे पाहिले जाऊ लागले आहे.

इतर संयुगांची कामे अधिक उघड आहेत. गवत कापल्यावर येणारा हिरवा वास सहा कार्बनांच्या संयुगांचा असतो. पान फाटताच पेशीपटलातील मेदाम्ले तुटून ती काही सेकंदांत तयार होतात आणि घाव पडल्याची पहिली खूण तीच असते. १९८३ मध्ये इयान बाल्डविन आणि जॅक शुल्ट्झ यांनी पॉप्लर आणि शुगर मेपलच्या रोपांची काही पाने फाडली, तेव्हा त्याच बंदिस्त हवेतील धक्काही न लागलेल्या रोपांच्या पानांतही संरक्षक फिनॉल संयुगे वाढलेली आढळली. वृक्ष ‘बोलतात’ हा लोकप्रिय समज या सुमारास रुजला. प्रत्यक्षात शेजाऱ्याला सावध करण्याचा हेतू झाडाकडे असल्याचे मानण्याची गरज नाही. वाऱ्यावर आलेल्या खुणेचा फायदा ज्याला घेता येतो तो घेतो, इतकेच. त्या खुणा वाचणाऱ्यांत मित्र असतात तसे शत्रूही असतात. स्कॉट्स पाइनच्या सुयांवर पानमाशीने अंडी घातली, की झाडाच्या गंधाचे मिश्रण बदलते आणि त्या मागावर अंड्यांत आपली अंडी घालणारी सूक्ष्म परजीवी गांधीलमाशी येते. उत्तर अमेरिकेतील पाइनची साल पोखरणारा भुंगेरा मात्र झाडाचेच अल्फा-पायनिन आपल्या शरीरात बदलून, जातभाईंना बोलावणारा गंध त्यापासून तयार करतो. झाडाचे संरक्षक अस्त्र त्याच्या हाती निमंत्रणपत्रिका बनते.

निळे धुके

पानातून सुटलेला रेणू हवेत फार काळ टिकत नाही. मिथेन वातावरणात सुमारे नऊ-दहा वर्षे राहतो, तर आयसोप्रिनचे आयुष्य दिवसा उजेडी तास-दोन तासांचे असते. हा फरक पडतो तो हायड्रॉक्सिल मूलकामुळे. एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन अणू असलेला हा तुकडा सूर्यप्रकाशात सतत तयार होत असतो आणि समोर येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो, म्हणून त्याला वातावरणाचा झाडूवाला म्हणता येईल. आयसोप्रिनात कार्बन अणूंमधील दोन दुहेरी बंध असल्याने तो या हल्ल्याला फार लवकर बळी पडतो. प्रत्येक पायरीला रेणूला ऑक्सिजन चिकटत जातो, तो जड आणि कमी उडणारा होतो, आणि शेवटी वायुरूपात राहणे त्याला शक्य न झाल्याने असे रेणू एकत्र येऊन हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म कण बनतात. अशा तरंगत्या कणांच्या समुदायाला वायुकलिल म्हणतात.

याच फ्रिट्स व्हेंट यांनी १९६० मध्ये असा विचार मांडला, की कारखान्यांपासून दूर असलेल्या वनाच्छादित डोंगरांवर उन्हाळ्यात दिसणारे निळे धुके वनस्पतींच्या टर्पिनांपासूनच बनते. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, त्यामुळे ताज्या सूक्ष्म कणांचा पडदा निळसर दिसतो. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स आणि अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स ही नावे याच दृश्यावरून पडली, असे मानतात. दक्षिण भारतातील नीलगिरीचे नाव मात्र तेथे ऑस्ट्रेलियातील झाड येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. युकॅलिप्टसची लागवड तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झाली, तेथून त्याचे तेल सर्वदूर पोहोचले आणि मराठीत त्या झाडालाच ‘निलगिरी’ हे पर्वताचे नाव चिकटले.

ढगांची बीजे

ढगातील थेंब पूर्णपणे स्वच्छ हवेत आपोआप बनत नाही. बाष्पाला बसायला एखादा कण लागतो आणि त्या कणाला संघनन केंद्र म्हणतात. समुद्रावर मिठाचे कण हे काम करतात. किनाऱ्यापासून दूर पसरलेल्या जंगलावर ते कोठून येतात, या प्रश्नाचे उत्तर फिनलंडमधील ह्युटिअला येथील वनकेंद्रात मोठ्या प्रमाणावर मिळाले. तेथे १९९६ पासून पाइनच्या जंगलातील हवेची अखंड मोजणी चालू असून, एक-दोन नॅनोमीटरचे कण सकाळी जन्माला येतात आणि पाइनच्या टर्पिनांपासून बनलेले जड रेणू अंगावर घेत काही तासांत कित्येक पटींनी वाढतात, असे तेथे वारंवार नोंदले गेले आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कण पन्नास ते शंभर नॅनोमीटरपर्यंत पोहोचला की त्याच्यावर ढगाचा थेंब बसू शकतो. २००४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या हवेतील कणांत आयसोप्रिनपासूनच बनू शकतील अशी संयुगे सापडली, आणि आयसोप्रीन कण बनवण्याइतके जड होत नाही हा तोवरचा समज मागे पडला.

नवा कण जन्माला येण्यासाठी सल्फ्युरिक आम्लाची, म्हणजे बहुतांशी इंधनातील गंधकापासून येणाऱ्या द्रव्याची, गरज असते असे दीर्घकाळ मानले जात होते. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेतील ‘क्लाउड’ प्रयोगात पोलादी कक्षात अत्यंत शुद्ध हवा भरून त्यात अल्फा-पायनिन सोडले गेले, आणि केवळ त्याच्या ऑक्सिडीकरणातून सल्फ्युरिक आम्लावाचूनही कण तयार होतात हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. या निष्कर्षाचा अर्थ असा, की धुरांड्यांपूर्वीच्या काळातील आकाशही आज समजले जाते तितके कणविरहित नसावे. वने आपल्या माथ्यावरील ढगांना स्वतःच बीजे पुरवत असावीत.

शहराच्या हवेत तोच रेणू

याच रेणूचे वर्तन शहरात वेगळे होते. वाहनांच्या इंजिनांत आणि औष्णिक वीज केंद्रांत तापमान इतके चढते, की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती विपुल असतील तर आयसोप्रिनच्या ऑक्सिडीकरणाची वाट बदलते. मधल्या टप्प्यातील रेणू नायट्रिक ऑक्साइडला नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये बदलतो, सूर्यप्रकाशात त्याचा एक ऑक्सिजन अणू सुटतो आणि तो हवेतील ऑक्सिजनला मिळून ओझोन बनतो. उंचावरील ओझोनथर अतिनील किरणे अडवतो. जमिनीलगतचा ओझोन मात्र फुप्फुसांना आणि पिकांनाही अपायकारक आहे.

१९८० च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या प्रचारात रोनाल्ड रेगन यांनी हवेच्या प्रदूषणाचा मोठा वाटा झाडांच्या माथी मारला, तेव्हा विरोधकांनी एका झाडावर, आपल्याला तोडा नाहीतर आपण पुन्हा बळी घेऊ, अशा अर्थाचा फलक टांगून त्यांची खिल्ली उडवली. झाडे हायड्रोकार्बन सोडतात हा विधानातील भाग खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. १९८८ मध्ये विल्यम कॅमीडिस आणि सहकाऱ्यांनी अटलांटा शहराच्या अभ्यासातून असे दाखवले, की झाडांची संयुगे तेथील हवेत आधीच मुबलक असल्याने केवळ वाहनांची हायड्रोकार्बने घटवून ओझोन पुरेसा कमी होणार नाही, त्यासाठी नायट्रोजनची ऑक्साइडेच कमी करावी लागतील. झाडे तोडून प्रश्न सुटत नाही, कारण सावली गेली की रस्ता तापतो आणि तापलेल्या शहरात उरलेली झाडे अधिक आयसोप्रीन सोडतात. नव्या लागवडीसाठी जाती निवडताना मात्र हा गुण पाहता येतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात भारतीय वृक्षांचे आयसोप्रीन उत्सर्जन मोजले, तेव्हा एका जातीतून जवळजवळ काहीच नाही आणि दुसरीतून भरपूर, असा मोठा फरक त्यांना आढळला.

जाती बदलल्या की हवा बदलते, याचे ठळक उदाहरण बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या सबाह राज्यातून मिळते. तेथे मूळ वर्षावन आणि त्याच्या जागी उभे राहिलेले ऑइल पामचे मळे यांच्यावरील हवेची तुलना करून निक ह्युइट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की पामचे मळे वर्षावनापेक्षा कितीतरी अधिक आयसोप्रीन सोडतात. खते, यंत्रे आणि तेलाचे कारखाने यांमुळे नायट्रोजनची ऑक्साइडेही तेथे अधिक असतात. ती आणखी वाढत गेली, तर जमिनीलगतचा ओझोन अपायकारक पातळीला पोहोचेल, असा इशारा या अभ्यासाने दिला. वर्षावनावर ढगांची बीजे घडवणारे रसायन मळ्यावर ओझोन घडवू शकते, आणि या दोन टोकांमध्ये रेणू तसूभरही बदललेला नसतो. गोव्यात आणि सिंधुदुर्गातही ऑइल पामची लागवड झालेली आहे. उंचावरून घेतलेल्या छायाचित्रात सह्याद्रीचे सदाहरित रान आणि त्याच्या पायथ्याचा मळा यांचा रंग सारखाच हिरवा दिसतो, आणि वनाच्छादनाच्या आकडेवारीत पुष्कळदा तेवढाच रंग मोजला जातो. पण त्या हिरव्या रंगातून दुपारी बारा वाजता वर काय जाते, हे समजण्यासाठी पानाभोवती पारदर्शक पिशवी बांधून तिच्यातील हवा तपासावी लागते.